रावपुऱ्याच्या खिडकीतून : बिरड्याचा सण



या वेळी विषय थोडा जड आहे, आधीच सांगून टाकतो. पण सुरुवात आपल्या नेहमीच्या जागेवरूनच होते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून.

इस्रायलमधल्या युद्धाच्या बातम्या जोरात होत्या, तेव्हाची गोष्ट. एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. हे युद्ध हजारो वर्षांपूर्वी धर्मग्रंथात सांगूनच ठेवलंय, यातूनच त्या राष्ट्राचा उद्धार होणार, आपणही यांच्याकडून शिकायला हवं, वगैरे. मागे दणदणीत संगीत आणि रणगाडे. मी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला नाही हे नशीब, पण स्टेटसला ठेवला. अर्ध्या तासात इंजिनिअरिंगच्या एका मित्राचा फोन आला.

"काढ रे ते," तो म्हणाला. "आत्याला दिमोनाला दोन दिवस फोन लागत नाहीये. आई देवासमोर बसलीय. आणि तू उद्धार-बिद्धार काय लावलंयस?"

मी काढलं. पण ते 'काढ रे' काही डोक्यातून जाईना. 

हा मित्र अहमदाबादचा. आडनाव 'कर' वर संपणारं, मराठी माझ्यापेक्षा चांगलं, कारण माझ्या मराठीत दर चार शब्दांनी गुजराती डोकावतं. पहिलं वर्षभर मी त्याला कोकणातला कुणीतरी समजत होतो. ते चूकही नव्हतं. मग एकदा पावसाळ्यात त्याच्या घरी गेलो, तर घरात दिवसभर कडक उपास. संध्याकाळी काकूंनी उपास सोडायला वालाचं बिरडं वाढलं आणि म्हणाल्या, "आज आमचा बिरड्याचा सण." तेव्हा कळलं की हे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू.

बिरड्याचा सण म्हणजे ज्यू पंचांगातला आव महिन्याच्या नवमीचा उपास. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्या दुःखाचा हा दिवस. दुसरं मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडलं. जगभरचे ज्यू या दिवशी जमिनीवर बसून शोक करतात. कोकणातल्या या लोकांनी त्या शोकाला आपल्या स्वयंपाकघरातलं नाव दिलं.

त्यांची कथा तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज. कधी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते तोंडपाठ होतं तेवढंच : देव एक आहे हे सांगणारी 'शेमा' प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर ही आडनावं गावांवरून पडली.

परवा मित्राला सगळं नीट विचारलं. त्याने जे सांगितलं आणि मी नंतर वाचलं, त्यात एक गोष्ट मला फार लागली. ज्यूंचा हनुक्का हा सण तुम्हाला इंग्रजी सिनेमांमुळे माहीत असेल. परक्या राजाविरुद्ध मक्काबी घराण्याने युद्ध जिंकलं आणि मंदिर पुन्हा शुद्ध केलं, त्याची ही आठवण. कोकणातल्या जुन्या बेने इस्राएलांना हनुक्का ठाऊकच नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला. म्हणजे मंदिर पडल्याचं दुःख त्यांच्या ताटात होतं, पण लढाई जिंकल्याचा सण नव्हता.

आणि आशा? ती एलियाहू हनाबीच्या रूपात होती. एलियाहू हा प्रेषित मसीहाच्या, म्हणजे उद्धारकर्त्याच्या आधी येऊन वर्दी देणार, असं ज्यू मानतात. बेने इस्राएल मानतात की तो अलिबागजवळच्या खंडाळ्याहून आकाशात गेला, आणि तिथल्या खडकावर त्याच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा असला, लग्नकार्य असलं की मलिदा करतात : पोहे, खोबरं, गूळ, फळं. आपल्याकडे सत्यनारायण होतो तसाच अगदी. जगाचा शेवटचा उद्धार आणि मुलीचं लग्न ठरणं, दोन्हींसाठी एकाच ताटापुढे हात जोडायचे!

आता युद्धाकडे येतो. हे लोक लढवय्ये नव्हते असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत बरेच बेने इस्राएल अधिकारी होते. त्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता म्हणतात. १७९६ साली त्यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हरहमीम. अर्थ, दयेचं दार. लढाईतून परतलेल्या सैनिकाने विजयस्तंभ उभारला नाही, सुटकेचे आभार मानले. स्वतंत्र भारताच्या नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन झाले, तेही याच समाजातले.

ग्रंथात युद्धाबद्दल काय आहे, हेही मी या निमित्ताने वाचलं. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लढाईआधी सैन्यापुढे घोषणा करायला सांगितलंय : नवं घर बांधून त्यात राहिला नसेल, द्राक्षमळा लावून फळ चाखलं नसेल, वाङ्निश्चय होऊन लग्न व्हायचं असेल, किंवा नुसती भीती वाटत असेल, त्याने घरी जावं. शहराला आधी तह देऊ करावा. वेढा घातला तरी फळझाडं तोडू नयेत. त्याच अध्यायात काही जमातींचा समूळ नाश करण्याची भयंकर आज्ञाही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या आचार्यांनी मात्र ठरवलं की त्या जमाती आता ओळखू येत नाहीत, त्यामुळे ती आज्ञा कुणालाच लागू करता येत नाही. आणि दाविद राजाला मंदिर बांधू दिलं गेलं नाही, कारण त्याच्या हातून फार रक्त सांडलं होतं. ते काम त्याच्या मुलाकडे, शलमोनाकडे गेलं.

मग उद्धार कसा येणार, माणसाच्या हातून की देवाच्या? यावर ज्यू विचारात शेकडो वर्षं भांडण चाललंय. इ. स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमनांविरुद्ध बंड केलं, तेव्हा रब्बी अकिवांसारख्या थोर आचार्यांनी त्याला मसीहा मानलं. दुसऱ्या एका आचार्याने त्यांची खिल्ली उडवली. तीन वर्षांत बंड चिरडलं गेलं, प्रचंड माणसं मेली. त्यानंतर तालमुदमध्ये तीन शपथांची गोष्ट येते : एकजूट करून बळाने परत जाऊ नका, राष्ट्रांविरुद्ध बंड करू नका, आणि राष्ट्रांनीही ज्यूंना अती छळू नये. बाराव्या शतकात मायमोनिडीझने लिहिलं की मसीहाच्या काळातही जग नेहमीसारखंच चालेल, फक्त गुलामी संपेल. आणि ऋषीमुनींना तो काळ हवा होता तो राज्य करायला नव्हे, शांतपणे शिकायला.

आता १८९७ सालात या. आपला रावपुरा टॉवर तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता. बडोदा कॉलेजात अरविंद घोष शिकवत होते. राष्ट्र हेच दैवत हा विचार त्यांच्या मनात आकार घेत होता आणि १९०५ मध्ये तो 'भवानी मंदिर' या पुस्तिकेत उतरला. त्याच १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली. मुंबईच्या बेने इस्राएलांनाही निमंत्रण आलं होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं. कारण काय, तर आम्हाला परत नेईल तो देवाचा हात, आम्ही त्याची वाट बघतोय.

मला ही गोष्ट वाचून आधी हसू आलं. सॉफ्टवेअरवाला माणूस मी, "देव करेल" म्हणून रिलीजची तारीख पाळता येत नाही! पण त्यांचं उत्तर अडाणीपणाचं नव्हतं. तीन शपथांचाच तो सूर होता. शिवाय इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं. तारणासाठी पळावं अशी घाई त्यांना नव्हती.

युरोपातल्या ज्यूंना ती घाई होती. तिथून पॅलेस्टाइनला आलेले रब्बी अब्राहम इत्झाक कूक यांनी वेगळा विचार मांडला. देव न मानणारे तरुण शेतकरीसुद्धा नकळत देवाचंच काम करताहेत, राष्ट्राचं पुनरुत्थान हीच उद्धाराची पहाट आहे, असं ते म्हणत. पण त्याच कूकनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलं की क्रौर्याशिवाय राज्य चालवता येईल अशी वेळ येईपर्यंत आपण राजकारणाबाहेर राहिलो, हे बरंच झालं. १९३५ मध्ये ते वारले. १९६७ चं युद्ध जिंकल्यावर त्यांचा मुलगा झ्वी येहुदा आणि त्याच्या शिष्यांनी त्या पहाटेला जमिनीशी आणि सैन्याशी घट्ट बांधलं. तेव्हाच येशायाहू लेबोविट्झ नावाचे कर्मठ धार्मिक प्राध्यापक ठणकावून सांगत होते की राज्य हे माणसांचं साधन आहे, त्याला देव्हाऱ्यात बसवाल तर ती मूर्तिपूजाच. दोघेही ग्रंथ मानणारे. म्हणून 'ग्रंथात लिहिलंय' असं म्हणणारा तो व्हिडिओ खोटा पडतो. ग्रंथात वाद लिहिलाय.

मग आपले कोकणातले ज्यू? १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि वाट बघणारे निघाले. त्यांना वाटलं, हाच तो हात. भारतात तेव्हा बेने इस्राएल साधारण वीस हजार होते, आज काही हजारच उरलेत. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे ते वसले. पण १९५१-५२ मध्येच काहींनी भेदभावाची तक्रार करत धरणं धरलं आणि शंभराहून अधिक जण भारतात परत आले. त्यातले काही पुढे पुन्हा तिकडे गेलेही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने नियम काढला : बेने इस्राएल कुणाशी लग्न करायचं म्हणाला, तर त्याच्या आईची, आजीची, पणजीची वंशावळ तपासायची. ज्यू म्हणून पुरेसे शुद्ध आहेत की नाहीत ते बघायला! ज्यांनी पोथी नसताना शनिवार पाळला त्यांना हा प्रश्न. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो मराठी बायाबापडे यरुशलेमला धरणं धरून बसले. त्या ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत, आणि रब्बींनाही नियम बदलावा लागला.

हे वाचताना मला आपण आठवलो. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर आणि नंतर नोकऱ्यांसाठी इथे आले. पुण्याच्या आत्याकडे गेलो की "तुम्ही गुजराती झालात रे" असं ऐकतो, आणि इथल्या सोसायटीत आपण 'मराठी लोग'. आपल्याला कुणी पणजीचे कागद मागत नाही, पण 'तुम्ही नक्की आमचे का?' हा प्रश्न कसा बोचतो ते ठाऊक आहे.

मला वाटतं राष्ट्र उभं राहिलं की नाही, याची खूण रणगाड्यांत शोधू नये. दारात सगळ्यात शेवटी आलेल्या, वेगळ्या रंगाच्या, वेगळं बिरडं खाणाऱ्या माणसाला आत कसं घेतलं, तिथे ती सापडते. १९६४ ला ते दार उघडलं, पण आपोआप नाही. माणसांना रस्त्यावर बसावं लागलं. १८९७ चे वाट बघणारे आणि १९६४ चे धरणं धरणारे एकाच समाजाचे, आणि मला तर वाटतं दोघांचंही बरोबर होतं. युद्धासाठी घाई नको, न्यायासाठी मात्र थांबू नये.

आत्यांचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. त्या सुखरूप होत्या. मित्राने विचारलं, काय करतेस? तर म्हणाल्या, आश्रयाच्या खोलीत शेजारीण रडत होती, तिला चहा करून दिला, आपला, आलं घालून. शेजारीण कुठल्या देशातून आलेली, ते त्यांनी सांगितलं नाही. मित्रानेही विचारलं नाही.

अहमदाबादला गेलात तर खमासा भागात पारशी अग्यारीच्या समोर मागेन अब्राहम सिनेगॉग आहे, १९३४ चं. आधी परवानगी घेऊन जरूर बघा, मुलांना न्या. आणि या पावसाळ्यात घरी वाल भिजवाल, मोड आणून सोलत बसाल (हे काम मलाच लावतात), तेव्हा दोन घास कोकणातल्या त्या शोकाच्या आठवणीने खा.

पुढच्या महिन्यात हलकाफुलका विषय, नक्की! तोवर स्टेटस जपून ठेवा.