सील बदलले, तरी गळती का?

ट्रकच्या इंजिनाचे मागचे ऑइल सील महिन्याभरात पुन्हा गळू लागले, की मिस्त्री मालाला दोष देतो आणि ट्रकमालक मिस्त्रीला. आमच्या मते वारंवार गळणारे सील बहुधा दुसऱ्याच बिघाडाची खबर देत असते. ती ऐकून घेतली पाहिजे.

हे सील बदलायचे तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सारे उतरवावे लागते. सील स्वस्त; मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचा तोटा महाग. तेल क्लच प्लेटवर गेले तर क्लचही घसरतो.

म्हणून खोलण्यापूर्वी इंजिन धुऊन, चालवून तेल नेमके कुठून येते ते पाहावे. टॅपेट कव्हरचे तेल मागे ओघळते आणि नाव सीलचे होते. मग ब्रीदर तपासावा. तो चोंदला तर क्रँककेसमध्ये दाब साठून तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. ब्रीदर साफ असूनही तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे जोरदार भपकारे येत असतील, तर बहुधा रिंगा-लायनर झिजले आहेत. तेथे भारीतले सीलही टिकणार नाही.

खोलल्यावर शाफ्टवर नख फिरवावे. नख अडकले तर चर पडला आहे. नवे सील त्याच चरावर बसवू नये. जागा असल्यास २-३ मिलिमीटर सरकवावे, नाहीतर स्लीव्ह चढवावी. डायल गेजने शाफ्टचा खेळ मोजावा. मेन बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट डगमगतो व सील लवकर जाते. रबरी सीलच्या ओठाला तेल लावावे. टेफ्लॉनचे सील मात्र बहुधा कोरडेच बसवतात. सोबतचा कागद वाचावा.

खरी अडचण पुढे आहे. 'रिंगा गेल्यात' असे सांगितले की गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाते आणि तेथे नुसते सील बदलून मिळते. ही भीती खरी आहे. पण धान्याच्या ढिगात हात घालून, आतला ओला माल वर ठेवायला सांगणाऱ्या पैगंबरांची (स.) आपण उम्मत आहोत. दोष दाखवावा, खर्च सांगावा, निर्णय मालकावर सोडावा. त्याने मोठे काम नाकारले तर बिलावर तसे लिहावे. गळती पुन्हा सुरू झाली तरी तो कागद मिस्त्रीच्या बाजूने बोलेल, आणि कमाई हलाल राहील.