पाणी प्यावं की घराबाहेर पडावं?

बाईच्या शरीराबद्दल आपण पुष्कळ बोललो. पाळी, गर्भपात, गर्भाशय काढणं, नवऱ्याचा मार. शौचाबद्दल मात्र आपण अजून गप्प आहोत. मला बोलणं भाग आहे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. औषधं लागू पडेनात, तेव्हा शस्त्रक्रियेनं अख्खं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याच्या टोकाची पोटातच एक पिशवी शिवून ती गुदद्वाराशी जोडली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या ॲलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्यामुळे मलासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी या आतल्या पिशवीचा दाह होतो. काहींचा तो हटतच नाही. मी त्यांतली. एरवी दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं, दाह उसळला की पंधरा वेळा, रात्रीसुद्धा. आणि कळ आली की थांबता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल घेतलं की उतार पडतो, बंद केलं की पुन्हा तेच.

भेटणारा प्रत्येक जण सांगतो, ‘धीर धर.’ सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडे फार कौतुक! पण माझं अर्धं दुखणं पोटात आहे, अर्धं या शहरात. पहिल्यासाठी डॉक्टर आहेत. दुसऱ्याला धीर हे औषध नव्हे.

विलेपार्ल्याहून चर्चगेटला स्लो लोकलनं पाऊण तास तरी लागतो. लोकलच्या डब्यात संडास नसतो. यावर मुंबईच्या बायकांचा जुना उपाय म्हणजे पाणीच न पिणं. भाजीवाली, घरकामाला जाणारी, बंदोबस्तावरची पोलीस, सगळ्या तोच करतात आणि लघवीची जळजळ सोसतात. मला तोही करता येत नाही. अन्नातलं उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. ते नसताना पाणी टाळलं तर अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, चक्कर येते, मूतखडे होतात. म्हणजे प्यावं तरी पंचाईत, न प्यावं तरी पंचाईत.

तरी माझ्या घरात संडास आहे. पार्ल्यातल्याच वस्तीत राहणाऱ्या बाईला हाच आजार झाला, तर तिनं सार्वजनिक संडासाच्या रांगेत दिवसाला पंधरा वेळा उभं राहायचं? आणि दर वेळी पैसे मोजायचे?

२०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. पुरुषांना फुकट मुतारी आणि बाईला पैसे, हा अन्याय तिनं चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश दिले. हे आपल्या चळवळीचंच यश आहे. ते आता पुढे न्यायला हवं.

नुसत्या मुताऱ्या पुरेशा नाहीत. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडा असलेला, फुकट संडास हवा. त्यात पाणी, लागणारी कडी, पर्स अडकवायला खुंटी आणि कचऱ्याची बादली हवी. अमेरिकेत इलिनॉय राज्यानं २००५ मध्ये कायदा केला, की आतड्याचा आजार असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदारानं नोकरांसाठीचा संडास वापरू द्यावा. आपणही तसा कायदा मागू. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. आतड्याचा आजार त्यांत नाही. माझ्या एका नोकरीत माझ्या संडासच्या फेऱ्या मोजल्या जात, आणि त्याविरुद्ध बोट ठेवायला कायद्याचं कलम नव्हतं.

वस्तीत पाहणी कराल तेव्हा बायकांना एवढंही विचारा: ‘पोटाचं काही दुखणं आहे का? दिवसातून किती वेळा जावं लागतं? कुठे जाता?’ पहिल्यांदा त्या तोंडावर पदर धरतील. पाळीबद्दल विचारलं तेव्हाही धरलाच होता.