खाते आपले, किल्ली कोणाकडे?

२०२५ सालच्या नवरात्रात सारे बडोदे गरब्यात रंगले होते. त्याच दिवसांत आपल्या सभासदांच्या फोनवर एक वेगळीच लाट येऊन गेली. ‘अरट्टाई’ उतरवून घ्या, व्हॉट्सॲप सोडा, असे निरोप फिरू लागले, आणि गंमत म्हणजे ते व्हॉट्सॲपवरच फिरत होते. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. झोहो या भारतीय कंपनीचे हे ॲप २०२१ पासून होतेच, पण स्वदेशीचा पुकारा झाला आणि काही दिवसांत त्याचे नाव घरोघरी पोहोचले.

कार्यकारिणीच्या सभेत अर्थातच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की मंडळाने ताबडतोब स्वदेशी ॲपवर जावे. दुसरा तट म्हणे, सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना पुन्हा नवे ॲप कोण शिकवणार? तासभर चर्चा होऊन विषय पुढच्या सभेवर गेला. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. ॲप देशी की विदेशी, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नव्हे, असे आमच्या मनात होते. पहिला प्रश्न कोणता, ते आम्हांला आधीच एका दुःखद प्रसंगाने शिकवले होते.

आपले माजी चिटणीस दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. स्मरणिकेसाठी त्यांनी मंडळातल्या नऊ वयोवृद्धांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. दांडिया बाजारातले जुने वाडे, रावपुऱ्यातली दुकाने, घरात आलेला पहिला रेडिओ, असे सगळे त्यात होते. त्या नऊ जणांपैकी चार आज हयात नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी तो फोन आमच्या हाती दिला आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बँकेतले, तुम्हीच बघा काय होतंय ते.” फोनचा पिन घरात कोणालाच ठाऊक नव्हता. मंडळाच्या समूहाचे ॲडमिनही एकटे तेच होते. त्यांनी काही आठवणी समूहावर टाकल्या होत्या, पण जागा भरली म्हणून बहुतेकांनी त्या कधीच पुसल्या होत्या. खूप शोधाशोध केल्यावर दोन सापडल्या. सात गेल्या.

यात कोणत्याही कंपनीचा दोष नाही, चूक आपलीच. बँकेत आम्ही पस्तीस वर्षे लोकांना विचारत आलो, “नॉमिनीचे नाव भरले का?” आणि मंडळाच्या ठेव्याला मात्र ना नॉमिनी होता, ना दुसरी किल्ली.

या निमित्ताने एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. “व्हॉट्सॲपवर आहे ना, मग कुठे जातंय?” असे आपण सहज म्हणतो. वास्तविक व्हॉट्सॲप हा पोस्टमन आहे, लॉकर नव्हे. संदेश पोहोचला की तो कंपनी आपल्याकडे ठेवत नाही. न पोहोचलेला संदेश फार तर तीस दिवस राखते. नंतर तो असतो फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये. बॅकअप चालू असेल तर त्याची प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा ॲपलच्या आयक्लाउडवर जाते. गूगलवरची ही प्रत पूर्वी मोफत जागेत मोजली जात नसे. २०२४ पासून ती १५ जीबीच्या मर्यादेत धरली जाऊ लागली. नातवंडांच्या फोटोंनी ती जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि आलेली सूचना आपण न वाचताच बाजूला सारतो.

आता देशी-विदेशीच्या वादाकडे वळू. व्हॉट्सॲपविषयीची तक्रार निराधार नाही. २००९ साली सुरू झालेले हे ॲप फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने नवे धोरण आणले. त्याचा आशय थोडक्यात असा, की वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकच्या इतर कंपन्यांना दिली जाईल. मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने या सक्तीबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि जाहिरातीसाठी ही माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. प्रकरण अपिलात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, ती बंदी मात्र उठवली.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा कर्जाच्या करारातल्या बारीक अक्षरांचा प्रश्न आहे. ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोय असेल तर तो सही करताना विचार करतो. सगळे गणगोत एकाच ठिकाणी असेल तर तो न वाचता सही करतो. व्हॉट्सॲपचे बळ त्याच्या यंत्रणेपेक्षा आपल्या गणगोतात अधिक आहे.

मग स्वदेशी हा उपाय आहे का? अर्धा आहे. ‘कू’ हे ॲप आठवत असेल. २०२० साली सुरू झालेल्या या भारतीय ॲपने मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय दिली, सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत बक्षीस मिळवले, मोठमोठे मंत्री तेथे आले. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. परदेशी ॲपचे भाग्य तरी काय वेगळे? आपल्या मुलांच्या कॉलेजच्या दिवसांतले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने बंद केले, आणि पुढे एप्रिल २०१९ मध्ये स्वतःचे ‘गूगल प्लस’ही गुंडाळले. टिकटॉक तर सरकारनेच २९ जून २०२० रोजी इतर ५८ ॲपसह एका आदेशाने बंद केले. कारणे निरनिराळी आहेत. कोणाचे पैसे संपले, कोणाचा रस संपला, कोणावर बंदी आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने शेवट मात्र एकच, दुकान बंद. म्हणून आमच्या मते पहिला प्रश्न हा: येथून निघायचे झाले तर आपले सामान घेऊन निघता येते का?

दुसरा प्रश्न कुलपाचा. येथे ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय हे समजून घेणे उपयोगी पडेल. ओपन सोर्स म्हणजे केवळ फुकट नव्हे. सॉफ्टवेअर कसे चालते त्याची पूर्ण संहिता जगासमोर खुली असते. जाणकाराने ती वाचावी, तपासावी, सुधारावी, नवी प्रत काढावी. बडोदेकरांना ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून राज्यात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या, त्यामागे हाच विचार होता. ज्ञान कपाटात बंद ठेवून वाढत नाही.

‘सिग्नल’ हे ॲप असे खुले आहे. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी ती कंपनी सोडली आणि २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर देऊन सिग्नलच्या ना-नफा संस्थेचा पाया घातला. तेथे जाहिराती नाहीत, कारभार देणग्यांवर चालतो. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधल्या कोणालाही संदेश वाचता येऊ नये यासाठी जे एन्क्रिप्शन लागते, ती पद्धत सिग्नलच्याच लोकांनी तयार केली, आणि २०१६ पासून व्हॉट्सॲपही तीच वापरते. कुलूप एकच, पण सिग्नलचे दार कसे बसवले आहे तेही बाहेरच्याला तपासता येते. व्हॉट्सॲपच्या दारासाठी कंपनीच्या शब्दावर बरेच विसंबावे लागते. अरट्टाईची लाट आली तेव्हा त्यातल्या लेखी संदेशांना असे कुलूप नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने ते काम हाती घेऊन दोघांमधल्या संभाषणाला ते बसवले, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

खुलेपणाचा फायदा मार्च २०२४ मध्ये जगाला दिसला. ‘एक्सझेड’ नावाचे एक छोटे ओपन सोर्स सॉफ्टवेअर असंख्य संगणकांत असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की आपल्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने माग काढला तेव्हा कळले, की कोणीतरी त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट ठेवली आहे. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना हे चटकन पटेल. पाच पैशांचा फरक निघाला म्हणून रात्री नऊपर्यंत डे बुक टॅली करत बसलेलो आम्ही! वही उघडी होती म्हणून फरक सापडला. मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ते सॉफ्टवेअर मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता, आणि चोरवाट ठेवणाऱ्याने सुमारे दोन वर्षे मदतनीस बनून त्याचा विश्वास मिळवला होता. वही उघडी असून भागत नाही, ती वाचणारा माणूसही लागतो. मंडळाचे काम एकाच माणसावर टाकू नये, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

तिसरा प्रश्न, एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर बोलता येईल का? पैशांच्या बाबतीत आपण ते रोज करतो. २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे भाजीवाल्याचे ॲप कोणते, हे आपण विचारतही नाही. आपल्या ॲपमधून त्याच्या खात्यात पैसे जातात. मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोयही देशभर २०११ पासून आहे. संदेशांच्या बाबतीत असे का नसावे? युरोपीय संघाने कायद्याने व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडायला लावले असून तेथे त्याची सुरुवात झाली आहे. झोहोचे श्रीधर वेंबू यांनीही संदेश ॲप यूपीआयसारखी एकमेकांशी जोडलेली असावीत, अशी भूमिका मांडली आहे. असे झाले तर सत्तरीतल्या सभासदाला नवे ॲप शिकवायची गरजच उरणार नाही आणि सभेतले दोन्ही तट जिंकतील.

आपल्या कायद्यात थोडे समाधान आणि थोडी निराशा, दोन्ही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नागरिकांच्या हक्कांची कलमे त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. त्यात आपल्या पश्चात आपल्या माहितीविषयीचे हक्क बजावण्यासाठी नॉमिनी नेमण्याची तरतूद आहे. वहिनींच्या हातातला तो बंद फोन आठवला की या कलमाचे मोल कळते. निराशा अशी, की आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. खाते उघडता येते, बंदही करता येते, पण ट्रान्सफर करता येत नाही, असा हा प्रकार.

तेव्हा मंडळाने काय करावे? आमच्या सूचना साध्या आहेत. ज्याला जे ॲप सोयीचे ते त्याने वापरावे. निरोपासाठी सध्याचा समूह चालू ठेवावा. मात्र समूहाला किमान तीन ॲडमिन असावेत आणि त्यांत एक तरी चाळिशीच्या आतला असावा. जे टिकवायचे आहे ते समूहावर ठेवू नये. फोटो, ध्वनिमुद्रणे, अहवाल दर तिमाहीला दोन हार्ड डिस्कवर उतरवावेत; एक कार्यालयात, एक खजिनदारांच्या घरी. पासवर्ड बंद लिफाफ्यात, दोघांच्या सहीने, मंडळाच्या कपाटात ठेवावेत.

आणखी एक. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली आज उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्यांतला फाँट आता कोणाकडे नाही. हीदेखील हरवलेली किल्लीच. यापुढचे सारे लेखन युनिकोडमध्ये करावे. ‘मुक्त’, ‘बलू’ असे सुरेख देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली मिळतात आणि लिब्रेऑफिससारखे ओपन सोर्स सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. फाइल तीस वर्षांनीही उघडावी, एवढीच अपेक्षा.

आपल्या पूर्वजांनी बडोद्यात येऊन मराठी टिकवली ती कागदावर, वह्यांत, पत्रांत. ती पत्रे आजही ट्रंकेत सापडतात, कारण ट्रंकेची किल्ली घरातच होती. नऊपैकी उरलेल्या पाच वयोवृद्धांच्या आठवणी पुन्हा रेकॉर्ड करण्याचे काम आम्ही या महिन्यापासून हाती घेत आहोत. तरुण सभासदांपैकी दोघांनी सोबत यावे, ही विनंती. येताना फोन आणावाच, पण घरी परतण्यापूर्वी प्रत मंडळाच्या डिस्कवर उतरवून जावी.