स्वशासन ही मेहेरबानी नव्हे



केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव, झरी-जामणी या भागांतील आपल्या काही घरांत एक कुरबूर ऐकू येते : “अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद गोंड-कोलामांनाच, मग आम्ही काय करावे?” या कुरबुरीस स्पष्ट उत्तर देणे अगत्याचे आहे.

गोंड, कोलाम, परधान यांचे जंगल इंग्रजी अमलाने राखीव केले, आणि त्यांची शेते सावकाराने गिळली. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील पंचायतींत किमान निम्म्या जागा व सर्व अध्यक्षपदे आदिवासींस दिली. गौण वनोपज, गावबाजार, सावकारी यांवर ग्रामसभेचा अधिकार मानला. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ साली! अठरा वर्षे हक्क कागदात कोंडणारास कोणी देशद्रोही म्हटले नाही. हक्क मागणारास मात्र फुटीर ठरविले जाते.

स्वशासनाने देश फुटतो काय? मोल्दोव्हाकडे पाहा. सोव्हिएत संघ मोडकळीस येत असता, १९९० साली, तेथील गागाऊझ या तुर्की वंशभाषेच्या अल्पसंख्याकांनी वेगळे प्रजासत्ताक घोषित केले. २३ डिसेंबर १९९४ रोजी मोल्दोव्हाच्या संसदेने त्यांना स्वायत्त प्रदेश दिला. तो कायदा बदलण्यास तीन-पंचमांश मते लागतात. राजधानीशी त्यांचे खटके आजही उडतात, तथापि तो प्रदेश मोल्दोव्हातच आहे. बाबासाहेबांनीही १९५५ साली मराठी भाषिकांची चार राज्ये करावीत असे मांडले होते. त्यांनाही फुटीर म्हणावयाचे काय?

मग आपले स्थान कोणते? पेसाची ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतील प्रत्येक माणूस. त्या सभेत बौद्ध स्त्रीपुरुषांनाही बसण्याचा, बोलण्याचा व मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे. जो घरी बसतो, त्यानेच तो गमावला.

आपल्यावरील खरा अन्याय निराळाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीस तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर चढू दिले गेले नाही, त्यांनी पुरावा आणावा कोठून? ही अट सरकारची आहे, कोलाम शेजाऱ्याची नव्हे. तेव्हा भांडण सरकारशी मांडा, आणि ग्रामसभेत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसा. दुसऱ्याचा हक्क हिरावून आपला हक्क मोठा होत नाही.