शिंगाडा : नाव एक, वस्तू दोन

गेल्या महिन्यात एका लग्नसमारंभात चिनी पद्धतीच्या भाजीत पांढरे, कुरकुरीत काप होते. माझ्या थोरल्या वहिनींचा कंदमुळांचा आजीवन त्याग आहे. त्यांनी विचारले, ‘‘भावजी, हा कंद तर नाही ना?’’ वाढणाऱ्याने ‘वॉटर चेस्टनट’ असे नाव सांगितले. वॉटर चेस्टनट म्हणजे शिंगाडा आणि शिंगाडा हे फळ, एवढे मला ठाऊक होते. शिवाय दोनच दिवसांपूर्वी मोबाइलवर त्यातील अँटिऑक्सिडंटचे कौतुक वाचले होते. मी निःशंकपणे म्हणालो, ‘‘घ्या वहिनी. फळ आहे आणि औषधीही आहे.’’

घरी येऊन वाचन केले, तेव्हा माझी दोन्ही विधाने खोटी ठरली.

इंग्रजीत हे एकच नाव दोन वनस्पतींना आहे. आपला शिंगाडा म्हणजे ट्रापा. त्याची पाने पाण्यावर तरंगतात आणि शिंगे असलेले फळ पानांखाली लोंबते. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर बांधव त्याची लागवड करतात. चिनी पाककृतींत वापरतात तो एलिओकॅरिस मात्र लव्हाळ्याच्या कुळातील असून त्याचा चिखलात वाढणारा कंदच खाल्ला जातो. म्हणजे ज्याचा त्याग, तेच मी वहिनींच्या ताटात वाढू दिले.

आता औषधीपणाविषयी. शरीरातील नित्य व्यवहारांत काही अस्थिर रेणू निर्माण होतात. त्यांच्याकडे एका इलेक्ट्रॉनची तूट असते आणि ती भरून काढण्यासाठी ते शेजारच्या पेशीघटकांवर हात टाकतात. अँटिऑक्सिडंट आपल्याकडील इलेक्ट्रॉन देऊन ही तूट भागवतो आणि स्वतः स्थिर राहतो. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क घालतात. रंग फिकट होत पिवळसर झाला, की अर्कात हा गुण आहे असे समजतात.

शिंगाड्याच्या बाबतीत हा गुण प्रामुख्याने टरफलात आढळतो. तेथे टॅनिन गटातील पॉलिफेनॉल भरपूर असतात. आपण खातो तो गर मात्र मुख्यतः पाणी आणि पिष्ट. वाळवून दळल्यावर तर पिष्टच अधिक. टरफलाची कीर्ती आपण गराच्या खात्यावर जमा करतो! मधुमेहींनी शिंगाड्याच्या पिठाला औषध समजून प्रमाण सोडू नये.

परीक्षानळीतील गुण शरीरात तसाच उतरतो, असेही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठी चाचणी झाली. त्यात बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाला. पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता.

मग शिंगाडा खाऊ नये काय? अवश्य खावा, पण अन्न म्हणून. कच्चे फळ दाताने सोलू नये. बिहार-उत्तर प्रदेशाच्या काही भागांत कच्च्या पाणवनस्पतींवरून आतड्यांतील चपट्या कृमींची बाधा होते, म्हणून तो धुऊन, उकडून घ्यावा. पीठ ताजे दळावे आणि मर्यादेत संपवावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवीचा त्याग असेल, तर ओला शिंगाडा त्यात येतोच. समारंभात ‘जैन’ अशी पाटी असली, तरी वॉटर चेस्टनट कोणते, हे आचाऱ्याला विचारावे. कमळकाकडीही चिखलातील खोडच आहे, हेही ध्यानात असावे.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे जाऊन सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि त्या दिवशी रसत्याग केला. एवढेच म्हणाल्या, ‘‘भावजी, बँकेत कागद न वाचता कधी सही केली होती का हो?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जय जिनेंद्र!