हिशेब दोन्ही बाजूंचा हवा

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन संरक्षण खात्याच्या किंवा त्याच्या कंत्राटदारांच्या नोकरीत शिरलेल्या आपल्या मंडळींना ‘एसएफ-८६’ या सिक्युरिटी क्लिअरन्सच्या अर्जाची धास्ती समजावून सांगायला नको. हे क्लिअरन्स अडते ते बऱ्याचदा थकलेल्या हप्त्यांवर. म्हणून हे मुद्दे.

१. कर्जाची चौकशी नकोच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. एनएसएचा रोनाल्ड पेल्टन १९७९ मध्ये दिवाळखोर झाला आणि १९८० च्या जानेवारीत गुपिते विकायला सोव्हिएत वकिलातीची पायरी चढला. सीआयएचा आल्ड्रिच एम्स घटस्फोटाच्या खर्चाने गांजला आणि १९८५ मध्ये ५० हजार डॉलरला विकला गेला. पण पुढचेही पाहा. याच एम्सने पाच लाखांवर डॉलरचे घर रोखीने घेतले, जॅग्वार गाडी उडवली, तरी १९९४ पर्यंत तो मोकळाच! थकबाकीदाराकडे डोळे वटारणाऱ्यांना अचानक आलेली श्रीमंती दिसली नाही. धोका नुसत्या कर्जात नसतो, माणसाच्या वागण्यात असतो.

२. कागदावरचा नियम निर्दय नाही. क्लिअरन्ससाठी २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांतला ‘एफ’ हा आर्थिक निकष. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, लबाड सावकारी यांपायी कर्ज थकले आणि माणूस तरीही जबाबदारीने वागला, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. दिवाळखोरीनेही कोणी आपोआप अपात्र ठरत नाही. मात्र हे सारे सिद्ध करायचे अर्जदाराने, आणि शंका उरलीच तर निकाल सुरक्षेच्या बाजूने. निकाल लागेपर्यंत कंत्राटदार त्याची जागा राखून ठेवील काय? पगार बंद झाला की उरलेले हप्तेही थकणार. फेडण्याचे साधन काढून घ्यायचे आणि का फेडले नाही म्हणून जाब विचारायचा, याला चौकशी म्हणत नाहीत.

३. आणि पगार बुडवतो कोण? २०१८-१९ मध्ये सरकार ३५ दिवस बंद होते. २०२५ मध्ये ४३ दिवस. हप्ते चुकले तर क्लिअरन्स धोक्यात येईल, असा इशारा जानेवारी २०१९ मध्ये खुद्द एफबीआय एजंटांच्या संघटनेने दिला होता. सरकारी नोकरांना मागचा पगार मिळावा म्हणून त्याच वर्षी कायदा झाला. कंत्राटी कामगारांना त्यात स्थान नाही. शिवाय आता पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी होण्याची वाट पाहावी लागत नाही; क्रेडिट अहवालावर सतत नजर असते. मालकाने मजुरी द्यायची नाही आणि मजुराच्या उधारीची मात्र रोज नोंद ठेवायची!

४. दवाखान्याच्या बिलांचेही तेच. ती क्रेडिट अहवालातून काढण्याचा नियम जानेवारी २०२५ मध्ये झाला, जुलैत टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. आजारी पडणे हा बेजबाबदारपणा कधीपासून झाला?

५. आता आपल्याकडे वळू. कर्ज झाकायचे, चार लोकांत वाच्यता नको, ही आपली जुनी खोड. हा अर्ज गेल्या सात वर्षांतली थकबाकी विचारतो, आणि ज्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात तेही त्यात धरतो. मेहुण्याच्या सांगलीतल्या कर्जावर भिडेखातर सही केली असेल आणि त्याने हप्ते बुडवले असतील, तर तेही लिहावे लागते. ‘तिकडचे इकडे कोणाला कळणार?’ असे म्हणू नका. कर्ज सांगणाऱ्याला बाजू मांडता येते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा मात्र संघराज्याचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा. आणि ज्याला लपवायचे काही आहे, त्यालाच परका हेर गाठतो.

तेव्हा थकबाकी असेल तर सावकाराशी हप्ते बांधून घ्या, पावत्या जपा, अर्जात सगळे लिहा. आणि आपल्या काँग्रेस सदस्याला पत्र घालून दोन गोष्टी मागा: सरकार बंद असताना थकलेले हप्ते क्लिअरन्सच्या निर्णयात धरू नयेत, आणि कंत्राटी कामगारांनाही त्या दिवसांचा पगार मिळावा.