हिमांतील व्हिएन्ना

ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त युरोपांत राहिलीं आहेत, अशा वडीलमंडळींना हल्लीं नाताळच्या सुटींत तिकडे येण्याविषयीं आग्रहाचें बोलावणें येतें. तें मोडवत नाहीं, आणि मोडूंही नये. परंतु पौषांत पहांटे शाल पांघरली म्हणजे थंडीचा विचार संपला, एवढ्याच शिदोरीवर ज्यांचा जन्म गेला, त्यांनीं तेथें जाऊन नगर पाहावें कसें, हा प्रश्न मात्र कोणी पुसत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आम्हां उभयतांना व्हिएन्ना येथें तीन आठवडे राहण्याचा योग आला. त्या आधारें चार शब्द लिहितों. राजवाड्यांचीं वर्णनें प्रवासपुस्तकांत आहेतच. तीं येथें गाळलीं आहेत.

प्रथम सूर्याविषयीं. पुण्याचा अक्षांश सुमारें १८.५, तर व्हिएन्नाचा ४८.२. ह्याचा परिणाम असा कीं, डिसेंबरच्या अखेरीस पुण्यास माध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, तेथें तो जेमतेम १८ अंश वर येतो. उगवतो पावणेआठाच्या सुमारास आणि मावळतो चारला. मधल्या काळांतही अभ्रांमुळें दिवसचे दिवस दर्शन देत नाहीं. माध्यान्हसंध्या आटोपून जरा पाठ टेकावी तों सायंसंध्येची वेळ होते, असें मीं म्हटलें, तेव्हां सौभाग्यवती म्हणाली, "मग काय, स्वयंपाकही एकदांच केला म्हणजे झालें!" थट्टा सोडून दिली, तरी वयस्क प्रवाशानें बाहेरचें हिंडणें सकाळीं दहा ते दुपारीं तीन ह्या वेळांतच उरकावें, हें खरें.

अमरकोशांत हिमाला तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय इत्यादि पर्याय आहेत. दख्खनच्या पठारावरील विद्यार्थी ते घडाघड म्हणतो. परंतु हिमाचें हिमाहून वेगळेपण त्याच्या डोळ्यांना कधीं दिसलेलें नसतें. व्हिएन्नांत तें पायांना कळतें. नुकतें पडलेलें कोरडें हिम पायाखालीं कुरकुरतें, आणि त्यावर पाऊल ठरतें. दिवसां अर्धवट वितळून रात्रीं पुन्हां गोठलेलें हिम कांचेसारखें होतें. पण तें निदान दिसतें तरी. गोठलेल्या जमिनीवर पावसाची सर येऊन गेली, तर जो पातळ थर बसतो तो दिसतच नाहीं. रस्ता नुसता ओला आहे, असेंच वाटतें. ह्याला तेथील लोक 'ग्लाटआइस' म्हणतात. साठी उलटलेल्या माणसाचा खरा वैरी गारठा नव्हे, हा ओला दिसणारा रस्ता होय. गारठ्यानें सर्दी होते. ह्या रस्त्यानें खुब्याचें हाड मोडतें, आणि मग परक्या मुलखांत शस्त्रक्रिया, मुलाची रजा, सुनेची धांवपळ असें सबंध घरच अंथरुणाला खिळतें. म्हणून खोल खांचांच्या तळव्याचे बूट घ्यावे, पावलें आंखूड टाकावीं, आणि हात कोटाच्या खिशांत घालून कधींही चालूं नये. तोल गेला तर ते मोकळे लागतात.

येथें तेथील एका कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ऑस्ट्रियांत वस्तीच्या ठिकाणीं आपल्या मिळकतीलगतची पायवाट सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत हिमरहित ठेवण्याचें व ती निसरडी झाल्यास तीवर खडी वगैरे टाकण्याचें कर्तव्य मालकाकडे असतें. काम ठेकेदाराला दिलेलें असो वा स्वतः फावडें घेतलेलें असो, पहांटेच्या काळोखांत तें सुरू होतें. छपरावर हिम सांचून कोसळण्याचें भय असलें, तर भिंतीला तिरप्या काठ्या टेकून ठेवितात, म्हणजे जाणाऱ्यानें समजावें कीं भिंतीलगत चालूं नये. ट्राममध्यें शेजारचा मनुष्य तासभर आपल्याशीं चकार शब्द बोलत नाहीं. आमच्याकडे तेवढ्या वेळांत गोत्र, गांव आणि मुलीचें लग्न इथवर मजल जाते. त्यावरून हे लोक रूक्ष, असा निवाडा आमचे कित्येक प्रवासी देऊन टाकतात. मला तो मान्य नाहीं. जो आपणांस ओळखत नाहीं, त्यानें आपल्या दारावरून जाणाऱ्या अनोळखी पायांची काळजी सूर्योदयापूर्वीं केलेली असते. कायद्याचा बडगा आहे हें खरें. पण बडगा असूनही न होणारीं कामें आपण कांहीं कमी पाहिलेलीं नाहींत.

कालिदासानें ऋतुसंहारांत शिशिरांतील सुखें सांगतांना बंद गवाक्षांचें घर, अग्नि, ऊन व जाड वस्त्रें ह्यांचा उल्लेख केला आहे. त्यांतून ऊन वजा केलें, तर बाकीच्या गोष्टी व्हिएन्नांत पराकोटीस नेलेल्या आहेत. जुन्या घरांच्या खिडक्या दुहेरी असतात. दोन तावदानांमधल्या कोंडलेल्या हवेनें थंडी अडते. अग्नीचें म्हणाल, तर श्पिटेलाउ नामक भागांत शहराचा केर जाळून त्या उष्णतेनें पाणी तापवितात व नळांनीं घरोघर खेळवितात. ही भट्टी १९८७ सालीं आगीनें जळाली, तेव्हां हुंडर्टवासर ह्या चित्रकाराकडून तिचें बाह्यरूप नव्यानें रचून घेतलें. आज ती लोक मुद्दाम पाहावयास जातात. वस्त्रांविषयीं एकच सूचना: एका जाड कपड्यापेक्षां पातळ कपड्यांचे तीन थर बरे, कारण घर, दुकान, ट्राम सर्वत्र ऊब असते, आणि आंत जातांच कपडे उतरावे लागतात. नाट्यगृहांत व मोठ्या संग्रहालयांत ओव्हरकोट दाराशींच ठेवून आंत जाण्याचा रिवाज आहे. सोंवळ्याच्या स्वयंपाकघराशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस ह्याचें नवल वाटूं नये.

जुना तट पाडण्याची आज्ञा सम्राट् फ्रान्झ योसेफ ह्यानें १८५७ सालीं दिली, आणि त्या जागीं रिंग नांवाचा प्रशस्त रस्ता झाला. ट्राममध्यें बसून तो उबेंत पाहतां येतो. वाटेंत विद्यापीठ लागतें, तेथें संस्कृत शिकलेल्या मराठी माणसानें क्षणभर उतरावें. डॉ. गेओर्ग ब्यूलर हे १८६३ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत आले. आपल्या प्रांतीं हिंडून त्यांनीं असंख्य हस्तलिखितें उजेडांत आणलीं, आणि प्रकृति ढासळल्यामुळें १८८० मध्यें परत जाऊन ह्याच विद्यापीठांत संस्कृतचे अध्यापक झाले. १८८६ सालीं व्हिएन्नांत भरलेल्या प्राच्यविद्यापरिषदेस आपले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते. अर्थात् ते दिवस शरदाचे होते. हिमाची परीक्षा त्यांस द्यावी लागली नाहीं.

आतां कॉफीगृहें. एक पेला कॉफी मागवावी आणि दोन तास बसावें. कोणी उठवीत नाहीं. लांकडी दांड्यांत अडकविलेलीं वर्तमानपत्रें वाचावयास असतात. पूर्वीं लहान व थंड खोल्यांतून राहणारे विद्यार्थी आणि लेखक आपली बैठकीची खोली म्हणून कॉफीगृहच वापरीत. कॉफीबरोबर तबकांत थंड पाण्याचाही पेला येतो. बाहेर हिम पडत असतां थंड पाणी कशाला, असें प्रथम वाटतें. पण त्या पाण्याला इतिहास आहे. तें आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें असून केवळ उताराच्या जोरावर शहरांत येतें. पहिला जलमार्ग १८७३ सालीं खुला झाला, आणि विषमज्वराचा प्रादुर्भाव पुष्कळ ओसरला. ही योजना नेटानें पुढें रेटणारे गृहस्थ म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस. दक्षिणेकडील खंडें एके काळीं जोडलेलीं होतीं, असें मांडून त्या प्राचीन भूमीला आपल्या गोंडवनावरून 'गोंडवाना' हें नांव ह्यांनींच १८८५ सालीं दिलें. म्हणजे विदर्भाच्या शेजारचें नांव जगाच्या नकाशावर नेणारा आणि त्या तबकांतलें पाणी आणणारा मनुष्य एकच!

आहाराविषयीं सावधगिरीची एक गोष्ट. 'फ्रिटाटनझुपे' नांवाचें सार धिरड्याच्या बारीक पट्ट्या घातलेलें, अगदीं निरुपद्रवी दिसतें; पण तें गोमांसाच्या काढ्यावर केलेलें असतें. विचारल्यावांचून कोणतेंही सार घेऊं नये. भाजलेले चेस्टनट मात्र रस्त्याच्या कोपऱ्यावर मिळतात. चव शिंगाड्याच्या वळणाची, आणि कागदाच्या पुडीनें हातांना शेक मिळतो तो निराळाच.

कलासंग्रहालय १८९१ सालीं खुलें झालें. तेथें सगळीं दालनें पाहण्याचा हट्ट करूं नये. ब्रॉयगेल ह्या फ्लेमिश चित्रकाराचें १५६५ मधील 'हिमांतील शिकारी' हें एक चित्र पाहिलें तरी पुरे. शिकारी आणि त्यांचे कुत्रे माना खालीं घालून टेकडीवरून परतत आहेत. दिवसभराची कमाई एक कोल्हा. खालीं तळीं गोठलीं आहेत, त्यांवर माणसें मुंग्यांएवढीं होऊन घसरत खेळत आहेत. पाणचक्कीचें चाक बर्फानें जखडलें आहे. दूर एका घराच्या धुराड्याला आग लागली असून माणसें विझवावयास निघालीं आहेत, आणि लहानशा पुलावरून एक बाई जळाऊ काटक्यांची मोळी घेऊन चालली आहे. त्या चित्राच्या आधींचा हिवाळा फारच कडक गेला होता. आम्ही त्यापुढें अर्धा तास होतों. सौभाग्यवतीची नजर मोळीवर खिळली होती. "हिच्या घरीं आज चूल पेटेल," ती म्हणाली, "पण ज्याला घरच नाहीं, त्यानें असल्या गांवांत रात्र कोठें काढावी हो?"

प्रश्न चित्रापुरता नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं ह्याच शहरांत हजारों मजुरांना खोली परवडत नसे. ते परक्या बिऱ्हाडांत कांहीं तासांपुरता नुसता बिछाना भाड्यानें घेत. हल्लीं घरांची व्यवस्था पुष्कळच सुधारली आहे, तरी निराश्रित अगदीं नाहींत असें नाहीं. हिवाळ्यांत कित्येक चर्चच्या सभागृहांतून 'वेर्मष्टुबे', म्हणजे ऊब घेण्याच्या खोल्या, उघडतात. तेथें कोणीही यावें, गरम पदार्थ खावा, बसावें. शिवाय कारितास ही संस्था थंडीच्या दिवसांत एक दूरध्वनि चालविते. कोणी उघड्यावर निजलेला दिसला, तर पाहणाऱ्यानें त्यावर ठिकाण कळवावयाचें. मग संस्थेचीं माणसें जाऊन त्याची विचारपूस करितात, निवाऱ्याला येतो का पाहतात, आणि यावयास राजी नसला तर उबदार झोंपण्याची पिशवी देतात. त्या दूरध्वनीचा क्रमांक सौभाग्यवतीनें मुलाकडून मागून घेतला, आणि पुढचे दोन आठवडे बाहेर पडतांना तो कागद ती हातमोज्यांत ठेवीत असे.